वाघळांबद्दल खान्देशात विचारले जाणारे प्रश्न: आपल्या चिंचेवरची आणि दूर बेटांवरची

रावेर-यावलचा केळीपट्टा, तापीकाठची गावं, सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळा. वटवाघळांवर बोलायला कुठेही उभं राहा, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच येतात. शेतकरी नुकसानीचं विचारतो, पोरं रक्ताचं विचारतात, म्हातारी माणसं तेलाचं. गेल्या काही वर्षांत त्यात निपाह या विषाणूची भर पडली आहे. एखादा आजोबा शेवटी उठून अहिराणीत विचारतोच, "यास्ना काय उपेग शे?" उत्तरं देताना मला वारंवार समुद्रापार जावं लागतं, कारण फळं खाणाऱ्या वाघळांचं खरं माहेर उष्ण कटिबंधातली बेटं आहेत. आपल्या वडा-चिंचेवरच्या वाघळांचं जे होणार आहे, ते तिथे आधीच होऊन गेलंय.

आमच्या गावच्या चिंचेवर दिवसभर लटकतात ती नेमकी कोणती?

ती मोठी, तांबूस मानेची, कोल्ह्यासारख्या तोंडाची म्हणजे भारतीय मोठं फळवाघूळ, शास्त्रीय नाव टेरोपस मेडियस. जुन्या पुस्तकांत हेच टेरोपस जायगँटियस म्हणून सापडेल. पंख पसरले की सव्वा मीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. वजन एक किलोच्या आगेमागे.

खान्देशात फळं खाणारी आणखी दोन सहज भेटतात. जुनी देवळं, पडके वाडे, विहिरींच्या कपारी आणि लेण्यांत राहणारं मध्यम आकाराचं तपकिरी रुसेटस. दुसरं आखूड नाकाचं छोटं सायनोप्टेरस, जे ताडाच्या किंवा तशाच झाडाच्या पानांच्या शिरा कुरतडून खाली तंबू करतं आणि त्यात राहतं. तंबू नर बांधतो, माद्या येऊन राहतात. संध्याकाळी दिव्याभोवती फिरणाऱ्या चिमुकल्या पाकोळ्या या तिघांपेक्षा वेगळ्या. त्या किडे खातात आणि या पानाचा विषय नाहीत.

बेटांवरची वाघळं वेगळी असतात का? जाती किती?

फळवाघळांच्या कुळात दोनशेच्या आसपास जाती आहेत. सगळ्या आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागराच्या पट्ट्यात. अमेरिका खंडांत या कुळातलं एकही नाही. आपल्या चिंचेवरचं वाघूळ ज्या टेरोपस वंशाचं, त्या एकट्या वंशात साठहून जास्त जाती, आणि त्यांतल्या बहुतेक फक्त बेटांवर. भारतात या पूर्ण कुळाच्या जाती डझनभराहून थोड्याच जास्त, तेव्हा पारडं कुठे झुकलंय ते दिसतं.

आकारही किती वेगवेगळे! फिलिपिन्समधलं सोनेरी डोक्याचं वाघूळ पंख पसरून दीड मीटरवर जातं. मलय बेटांवर फुलांतला मध चाटणारी काही वाघळं मात्र जेमतेम पंधरा ग्रॅमची. फिजीतल्या ताव्हेउनी बेटाच्या डोंगरात माकडासारख्या तोंडाचं एक वाघूळ आहे. ते दुसरीकडे कुठेही नाही. सामोआत तर एक जात चक्क दिवसाढवळ्या उडते आणि घारीसारखी उन्हातल्या गरम हवेवर तरंगत राहते. रात्रीच उडायचं हा नियम शिकारी पक्ष्यांच्या धाकाने आलेला असावा. धाक कमी असला की नियमही सैल होतो.

बेटांवरच एवढ्या जाती का झाल्या?

समुद्र ओलांडता येतो, पण रोज ओलांडता येत नाही, म्हणून. उंदीर, खार, माकड यांना पाण्यापलीकडे जाणं जवळजवळ अशक्य. वाघळाला शक्य, पण क्वचित. वादळाने म्हणा किंवा अन्नाच्या शोधात, एखादा थवा दूरच्या बेटावर पोचतो, तिथेच वाढतो, मूळ नातेवाइकांशी सोयरीक तुटते आणि लाखो वर्षांत वेगळी जात होते. मॉरिशस मादागास्करपासून आठशे किलोमीटरहून दूर, रॉड्रिग्स त्याच्याही पुढे पाचशे-साडेपाचशे किलोमीटर. दोघांची स्वतंत्र वाघळं आहेत.

यातली एक गंमत मला फार आवडते. टेरोपस वंश आशियाकडून बेटं ओलांडत मादागास्कर, कोमोरो आणि टांझानियाच्या पेंबा बेटापर्यंत गेला. पेंबापासून आफ्रिकेचा किनारा साधारण पन्नास किलोमीटर. जळगाव ते पाचोरा म्हणा ना! आपलं वाघूळ एका रात्रीत जेवढं हिंडतं तेवढंच. पण आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर हा वंश वसलेला नाही. तिथे वाळल्या गवताच्या रंगाचं दुसरंच मोठं फळवाघूळ लाखोंच्या संख्येने जागा धरून बसलंय.

आपली जातही समुद्र ओलांडून गेली आहे. मालदीवमध्ये राहतं ते याच टेरोपस मेडियसचं बेटावरचं रूप.

वाघूळ तोंडानेच खातं आणि तोंडानेच विष्ठा टाकतं, हे खरं का?

नाही. हा गैरसमज कसा झाला ते मात्र समजण्यासारखं आहे. वाघूळ फळाचा घास टाळूवर दाबून रस गिळतं आणि उरलेला चोथा गोळी करून थुंकतं. सकाळी झाडाखाली त्या वाळक्या गोळ्या पडलेल्या दिसतात, लोकांना वाटतं तोंडातून काढलं. खरी विष्ठा टाकायची वेळ आली की ते क्षणभर अंगठ्याच्या नख्यांवर लटकून सुलट होतं, म्हणजे आपल्या दृष्टीने सरळ, आणि काम उरकून पुन्हा उलटं. दुर्बीण असेल तर दुपारी पाच मिनिटांत बघायला मिळेल.

आंधळं असतं? केसात अडकतं? रक्त पितं?

तिन्ही नाही. फळवाघळाचे डोळे मोठे आणि चांगले असतात, ते बघून आणि वास घेऊन फळ शोधतं. आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालतं ते लेण्यांतलं रुसेटस, तेही अंधारापुरतं, जिभेने टकटक करून. रक्तावर जगणारी वाघळं जगात तीनच जातींची, तिन्ही अमेरिकेत.

आमच्या केळीचं नुकसान करतात, त्याचं काय?

करतात का? करतात. हे नाकारून वाघळांची बाजू घेणाऱ्यांचं शेतकरी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण कशाचं करतात ते नीट बघू.

जळगावची केळी हिरवी कापली जाते. घड भरला की गाडीत जातो, पिकतो तो रायपनिंग चेंबरमध्ये, दिल्लीत नाहीतर आणखी कुठे. वाघळाला हिरवी, चिकाची केळी नको असते. त्याला लागतो झाडावर पिवळा झालेला घड, म्हणजे कटाई लांबलेला, भाव पडल्यामुळे सोडून दिलेला किंवा बांधावर घरच्यासाठी ठेवलेला. वादळाने एका दुपारी आडव्या केलेल्या बागेपुढे, किंवा सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने उपटून टाकाव्या लागलेल्या रोपांपुढे, वाघळाचा हिशेब फारच लहान आहे. निर्यातीसाठी जे घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे झाकणारी पिशवी घालतात, त्यांच्याकडे तोही राहत नाही.

पेरू, चिकू, आंबा, बोर यांची गोष्ट वेगळी. ही फळं झाडावर पिकतात, तिथे फटका खराच बसतो. आमच्या बांधावरच्या एका पेरूवर मी दर हंगामात पाणी सोडतो. पण बागच पेरूची असेल तर तसं म्हणून चालत नाही, जाळी लागते. जाळी घ्यायची तर बारीक विणीची आणि ताणून बांधलेली. ऑस्ट्रेलियात पाच मिलिमीटरहून कमी छिद्राची जाळी वापरा असं सांगतात. ढोबळ कसोटी अशी, की छिद्रातून बोट जाता कामा नये. बाजारातली स्वस्त, मोठ्या छिद्राची नायलॉन जाळी सैल टाकली तर वाघळं, घुबडं आणि साप अडकून मरतात आणि फळंही वाचत नाहीत.

एक गोष्ट केळीवाल्यांना सांगायला मला मजा येते. आपली जी-९ जातीची केळी बी धरत नाही, तिला परागीकरण नको, ती मुनव्यांवर किंवा टिश्यू कल्चरवर चालते. पण तिचे रानटी पूर्वज, आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचे, बियांचे आहेत आणि त्यांची खाली लोंबणारी फुलं रात्री वाघळं फळवतात. आपल्या बागेत सायनोप्टेरस रात्री कमळावर, म्हणजे केळफुलावर येऊन मध चाटतं ते याच जुन्या सवयीने. कमळ आजही रात्री उघडतं, मध देतं. फक्त त्याचा उपयोग आता कोणालाच नाही, वाघळाचं पोट सोडून.

मॉरिशसच्या सरकारने हजारो वाघळं मारली म्हणतात. मग आपण का नाही?

मारली, हे खरं. लिची आणि आंब्याचं नुकसान होतं म्हणून २०१५ आणि २०१६ मध्ये मिळून तीस हजारांहून जास्त. ती जात फक्त त्या भागातली, टेरोपस नायजर. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१८ मध्ये तिला 'संकटग्रस्त' गटात टाकलं. आणि फळांचं उत्पन्न? ते काही त्यामुळे वाढलं नाही. कारण नुकसानीत उंदीर, पक्षी, वारा आणि अतिपिकून गळणं यांचाही वाटा होता. तो बंदुकीने कमी होत नाही. त्याच सरकारने जाळीला अनुदानही दिलं, तो भाग बातम्यांत कमी आला.

मारण्याचा परिणाम एवढा खोल का जातो, हे पुढच्या उत्तरात आहे.

उंदरासारखी भराभर वाढत नाहीत का?

वाघूळ पिल्लं देण्याच्या बाबतीत म्हशीसारखं आहे, उंदरासारखं नाही. मादी वर्षाला एक पिल्लू देते. गर्भ साधारण पाच महिने. आपल्याकडे पिल्लं बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाशी होतात. सुरुवातीचे काही आठवडे आई पिल्लाला पोटाशी घेऊनच उडते, नंतर झाडावर ठेवून जाते. आयुष्य मात्र लांब, पिंजऱ्यात तीस वर्षांवर जगल्याची नोंद आहे. उशिरा वाढायचं, थोडं व्यायचं, खूप जगायचं, असा त्यांचा संसार. एका वर्षी शंभरातली तीस मारली तर ती भरून यायला बरीच वर्षं जातात, आणि मध्ये एखादं चक्रीवादळ आलं तर भरूनच येत नाहीत.

झाडं लावतात म्हणे. कशी?

उंबर, वड, पिंपळ यांचं बी बारीक. ते गिळलं जातं आणि अर्ध्या तासाच्या आत, बहुतेक वेळा उडतानाच, बाहेर पडतं. देवळाच्या कळसावर, विहिरीच्या कठड्यावर उगवलेल्या पिंपळाचं रोप पक्ष्याने नाहीतर वाघळाने टाकलेलं असतं. जांभूळ, बदाम, मोह यांचं बी मोठं, ते गिळता येत नाही. म्हणून वाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जातं, गर खातं, बी टाकतं. सातपुड्यात मोहाच्या फुलांवर रात्री होणारी त्यांची गर्दी एकदा बघा. मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या बायांना हे नव्याने सांगायला नको. काटेसावर आणि टेटू यांच्या फुलांवरही ती येतात.

बेटांवर याची किंमत कितीतरी जास्त. तिथे हत्ती नाही, माकड नाही, धनेश बहुतेक ठिकाणी नाही. मोठ्या बियांचं झाड रानभर पसरवणारं बहुतेकदा वाघूळच. इंडोनेशियातल्या क्राकाताऊ बेटाचा ज्वालामुखी १८८३ मध्ये फुटला, बेटावर राख सोडून काही उरलं नाही. पुढच्या दशकांत तिथे जे रान आलं, त्यात उंबराच्या कुळातली झाडं पक्षी आणि वाघळं यांच्या पोटातून आली.

पण मला सगळ्यांत विचार करायला लावलेलं काम टोंगाचं आहे. प्रशांत महासागरातल्या त्या बेटांवर संशोधकांनी बघितलं, की वाघळं बी दूर केव्हा नेतात. उत्तर निघालं: भांडण झाल्यावर. फळांनी लगडलेल्या झाडावर आधी आलेलं वाघूळ फांदी अडवून बसतं आणि बाकीच्यांना हुसकावतं. हुसकावलेलं वाघूळ फळ ओढून पळतं आणि लांब जाऊन खातं. वाघळं पुष्कळ असली की भांडणं होतात, बिया रानभर जातात. संख्या एका पातळीखाली गेली की प्रत्येकाला फांदी मिळते, कोणी कुणाला हाकलत नाही, सगळे बसल्या जागी खातात आणि बिया त्याच झाडाखाली पडून सडतात. म्हणजे वाघूळ अजून दिसतं, पण त्याचं काम बंद पडलेलं असतं. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. 'आमच्याकडे आहेत की अजून पाच-पन्नास' असं कोणी म्हणालं की मला टोंगा आठवतं.

खान्देशात सपाट शेतांच्या मध्ये उभा असलेला गावठाणातला एकटा वड, त्यावरची दोन-तीनशे वाघळं, मग पुढे काही किलोमीटर कापूस आणि केळी. हे बेटच की! समुद्र फक्त हिरवा आहे.

मे महिन्यात पटापट मरून पडतात. कोणता रोग आहे?

बहुतेक वेळा रोग नाही, ऊन आहे. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसावर गेला की ही मोठी वाघळं हतबल होतात. आधी पंखांनी वारा घेतात, मग अंगाला लाळ चाटतात, धापा टाकतात, सावलीत एकमेकांवर गर्दी करतात आणि शेवटी गळून पडतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन दिवसांच्या उष्णतेत चष्म्यासारखे डोळे असणाऱ्या वाघळांपैकी वीस हजारांवर मेली. त्या जातीची जवळजवळ एक तृतीयांश संख्या.

आपल्याकडे पाण्याकाठची दाट झाडं त्यांना वाचवतात. नदीकाठचा सादडा, चिंच, आंबा तोडला की थवा निलगिरीवर किंवा विरळ झाडावर जातो आणि तिथे सावलीच नसते. काही ठिकाणी दुपारी झाडावर पाण्याचा फवारा मारतात, त्याने फरक पडतो. खाली पडलेल्याला उघड्या हाताने उचलू नका. खोकं, जाड कापड, सावली, आणि वनविभागाला फोन.

निपाहमुळे झाड तोडावं का?

नाही. झाड तोडल्याने थवा गावातच दुसऱ्या झाडावर जातो, आणि ताणाखालची वाघळं विषाणू जास्त बाहेर टाकतात असं आढळलंय.

भीती निराधार आहे असंही नाही. १९९८-९९ मध्ये मलेशियात वाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं डुकरांच्या गोठ्यात पडली, डुकरांतून माणसांत रोग गेला. भारतात २००१ मध्ये सिलिगुडी, २०१८ मध्ये केरळात कोझिकोड. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांत या विषाणूच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या विषाणू संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं. महाराष्ट्रात माणसांत उद्रेक झालेला नाही.

मलेशियाच्या तिओमान बेटाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथल्या बेटवाघळांच्या मुतातून आणि उष्ट्या फळातून निपाह वेगळा काढला गेला. आणि त्याच बेटावरची तीच वाघळं ड्युरियनच्या फुलांचं परागीकरण करतात, ज्या फळावर त्या भागातल्या बागायतदारांचं पोट चालतं. दोन्ही खरं आहे.

तेव्हा करायचं एवढंच: झाडाखाली पडलेलं, दात लागलेलं फळ खायचं नाही आणि गुराढोरांना घालायचं नाही. शिंदीची नीरा काढताना मडक्याचं तोंड जाळीने किंवा बांबूच्या तट्ट्याने झाकायचं, बांगलादेशात रोग गेला तो उघड्या मडक्यातल्या कच्च्या खजुरी रसातून. वाघूळ चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, रेबीजची लस डॉक्टर ठरवतील.

वाघळाचं तेल सांधेदुखीवर चालतं का?

नाही चालत. तेल लावून चोळल्याने जो आराम पडतो तो चोळण्याचा, आणि तो तिळाच्या तेलानेही पडतो. मेलेलं वाघूळ हाताळून काढलेल्या चरबीत औषध नाही, जोखीम मात्र आहे.

कायद्याने मारता येतात ना? उपद्रवी म्हणून?

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळवाघळं अनेक वर्षं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी यादीत होती, हे खरं. अपवाद दक्षिण पश्चिम घाटातल्या सलीम अली फळवाघळाचा. त्याचा नमुना १९४८ मध्ये मिळाला, पण नवी जात म्हणून ओळख १९७२ मध्ये पटली. चोवीस वर्षं ते संग्रहालयात दुसऱ्याच नावाने पडून होतं! २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवी यादीच काढून टाकली. त्यामुळे 'परवानगी लागत नाही' हे जुनं ऐकीव आता धरू नका.

आपल्या देशाच्या बेटांवर कोणती आहेत?

अंदमान-निकोबारला काळ्या कानांचं टेरोपस, आणि निकोबारचं स्वतःचं एक छोटं टेरोपस, जे जगात दुसरीकडे नाही.

एकदा संपली की परत आणता येतात का?

संपली की नाही. ग्वाम बेटावरचं छोटं वाघूळ शेवटचं १९६८ मध्ये दिसलं. अमेरिकेने २०२३ मध्ये ते नामशेष म्हणून यादीतून काढलं. मॉरिशसचं छोटं वाघूळ तर एकोणिसाव्या शतकातच गेलं.

संपायच्या आधी हात घातला तर येतात. रॉड्रिग्स बेटावर सत्तरच्या दशकात रान तोडून आणि वादळं होऊन शंभरही वाघळं उरली नव्हती. ब्रिटिश प्राणीसंवर्धक जेराल्ड डरेल यांनी १९७६ मध्ये काही पकडून जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवली. पण खरं काम बेटावर पुन्हा झाडं लावण्याने झालं. आता तिथे वीस हजारांच्या आसपास आहेत. पेंबा बेटावर गावकऱ्यांनीच वाघळांसाठी मंडळं काढली, शिकार थांबवली, आणि तिथलीही वीस हजारांवर गेली.

आमच्या गावची कशी मोजायची?

दिवसा झाडाखाली उभं राहून मोजू नका, पानांत निम्मी दिसत नाहीत आणि ती बिथरतात. सूर्य मावळायच्या वीस मिनिटं आधी झाडापासून शंभर पावलांवर, पश्चिमेकडे तोंड करून बसा, म्हणजे उजळ आभाळावर ती काळी दिसतील. दोघं असा: एक मोजणारा, एक लिहिणारा. दहा-दहाच्या गटाने मोजा. साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. महिन्यातून एकदा, शक्यतो अमावास्येच्या आसपासच्या त्याच तिथीला करा. पिल्लांच्या दिवसांत, मार्च ते मे, उडणाऱ्यांच्या पोटाशी काही चिकटलेलं दिसतंय का ते वेगळं लिहा. आणि ती कोणत्या दिशेला जातात तेही. आमच्या गावची आधी नदीकडे जातात, पाण्यावर पोट टेकवून उडता उडता केस भिजवतात, मग लांब कुठेतरी झाडावर बसून ते ओलं पोट चाटतात. ती बागांकडे वळेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि आमची मोजणी संपलेली असते.